लॉनच्या बॉर्डरसाठी एफडी मोडावी का?

नाशिकहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. बंगल्यापुढे 40 बाय 25 फुटांचं लॉन आहे. त्याला चारही बाजूंनी काँक्रीटचे कर्ब स्टोन बसवायला कंत्राटदाराने फुटाला 550 रुपयांप्रमाणे 130 फुटांचे 71,500 रुपये सांगितले आहेत. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कडा कापायला माळी महिन्याला 400 रुपये जादा घेतो, ते वाचतील असा हिशेब. पैशांसाठी 14 महिन्यांपूर्वी 7 टक्क्यांनी ठेवलेली दोन लाखांची एफडी मोडायची, कंत्राटदार म्हणतो पावसाळ्याआधी उरकून घ्या.

ताई, एफडी मोडू नका. माळ्याचे वर्षाला 4,800 रुपये वाचतील हे खरं मानलं, तरी 71,500 रुपयांवर 7 टक्क्यांनी वर्षाला 5,005 रुपये व्याज येतं. म्हणजे त्या व्याजातच माळ्याचं भागतं आणि मुद्दल शाबूत राहते. माळ्याचा दर पुढे वाढेल हे मान्य, पण त्या भरवशावर आज मुद्दल घालवावी असं मला वाटत नाही.

मोडण्याचा तोटा वेगळाच. मुदतीआधी मोडली तर बँक 7 ऐवजी 5.75 टक्क्यांनी हिशेब करणार असं तुम्ही लिहिलं आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून लागतो. दोन लाखांवर 14 महिन्यांचे सुमारे 2,900 रुपये तिथेच जातील. उरलेली रक्कम पुन्हा ठेवायला गेलात तर जुना दर मिळणं अवघड. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आणला, ठेवींचे दरही त्यामागे उतरले. शिवाय हा तुमचा अडीनडीचा पैसा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या घरात तो हाताशीच हवा.

आता कामाबद्दल, कारण पैसे वाया जातात ते इथेच. कर्ब स्टोन जमिनीच्या वर चार इंच उभे ठेवले तर मशीनचं पातं त्यांच्या बुडापर्यंत पोचत नाही. कडेला गवताची पट्टी उरते आणि ती माळ्याला बसून कात्रीनेच कापावी लागते. म्हणजे 400 रुपये वाचतच नाहीत! दगडाचा माथा मातीच्या पातळीला हवा, मशीनचं चाक त्यावरून गेलं पाहिजे. पावसाचं पाणीही मग लॉनमध्ये अडून राहत नाही. तुमच्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसती वरवर चर खणून सिमेंट-वाळूच्या मालावर दगड टेकवले तर वर्ष-दोन वर्षांत ते वरखाली होतात. चराची खोली आणि खालच्या पीसीसीची (साध्या काँक्रीटच्या थराची) जाडी कोटेशनमध्ये लिहून घ्या, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही.

लॉनची कड रेखीव असावी ही हौस मला पटते, आणि यजमानांना बागेत पुन्हा सुखाने फिरता यावं ही तर गरजच आहे. ती भागवायचा रस्ता तुमच्याच पत्रात आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या 15 लाखांवर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 30,750 रुपये येतात, घर पेन्शनवर चालतं. जुलैचा हप्ता मेडिक्लेमच्या प्रीमियमला लागेल, ऑक्टोबरचा मोकळा आहे. गवत खरं घुसतं ते फुलझाडांच्या वाफ्यात आणि पार्किंगच्या बाजूला, तेवढे 45 फूट. त्याचे 24,750 रुपये ऑक्टोबरच्या व्याजात बसतात. पाऊस संपून जमिनीत बेताची ओल असताना काम धरा, घाई कंत्राटदाराला आहे, तुम्हाला नाही.

उरलेले 85 फूट कंपाउंडची भिंत आणि ओट्याला लागून आहेत, तिथे दगड घालण्यात मला अर्थ दिसत नाही. काम झाल्यावर मात्र माळ्याशी नव्याने बोला. 400 चे 150 झाले पाहिजेत.