वाचकांचे प्रश्न : ड्रुपलची पुढची आवृत्ती आणि आपली साइट

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेची साइट ड्रुपल या साइट बांधायच्या प्रणालीच्या 10 व्या आवृत्तीवर आहे. 7 वरून 8 वर जाताना ती अक्षरशः नव्याने बांधावी लागली होती, त्याचा संस्थेने धसका घेतलाय. 11 साठी तेवढाच खर्च धरायचा का? आणि पुढची मोठी आवृत्ती कधी आणायची हे ठरतं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तेवढा खर्च धरू नका. नोव्हेंबर 2015 मध्ये आलेलं 8 हे सिम्फनी या पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कवर (तयार कोडच्या सांगाड्यावर) नव्याने उभं केलं होतं, त्यामुळे 7 ची मोड्यूल्स (साइटला सोयी जोडणारे कोडचे सुटे भाग) त्यावर जशीच्या तशी चालत नव्हती. असंख्य साइट 7 वरच अडून बसल्या आणि 7 चा आधार (सुरक्षा-दुरुस्त्या देणं) संपवण्याची तारीख नोव्हेंबर 2021 वरून ढकलत ढकलत 5 जानेवारी 2025 पर्यंत न्यावी लागली.

8 पासून नियोजनाची रीतच पालटली. दर सहा महिन्यांनी, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये, 10.3, 10.4 अशी छोटी आवृत्ती येते आणि नव्या सोयी तिच्यातूनच येतात. एखादं जुनं फंक्शन नकोसं झालं तरी ते लगेच काढत नाहीत. त्यावर ‘डेप्रिकेटेड’ अशी खूण करतात, बदली काय वापरायचं तेही तिथेच लिहितात आणि पुढच्या एखाद्या मोठ्या आवृत्तीत ते उडवतात. 3 जून 2020 रोजी 8.9 आणि 9.0 एकाच दिवशी आल्या. सोयी दोघींत त्याच, 9.0 मधून जुना कोड तेवढा काढलेला आणि सिम्फनीसारख्या बाहेरच्या घटकांच्या आवृत्त्या वाढवलेल्या.

तारखा मात्र बऱ्याच अंशी ड्रुपलच्या हातात नसतात. 8 मध्ये सिम्फनी 3 होतं, त्याचा आधार नोव्हेंबर 2021 मध्ये संपला. 9 मधल्या सिम्फनी 4 चा नोव्हेंबर 2023 मध्ये. 8 आणि 9 सुद्धा त्याच महिन्यांत निवृत्त झाल्या. 10 साठी नियम असा की 12 बाजारात आलं की 10 चा आधार संपतो. त्यासाठी 2026 ची अखेर धरलेली आहे, तेव्हा खर्चाची तरतूद त्याआधीच्या आर्थिक वर्षात दाखवा.

प्रश्न : 10 वरून 11 वर जाताना कामांचा क्रम काय ठेवावा? आमच्याकडे स्वतः लिहिलेली चार मोड्यूल्स आहेत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सुरुवात सर्व्हरपासून करा. 11 ला पीएचपी 8.3 लागतं. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर 8.0 आणि मारियाडीबी असेल तर 10.6 ही किमान आवृत्ती. शेअर्ड होस्टिंगवर एक गंमत हमखास होते : पॅनेलमध्ये 8.3 निवडलेलं असतं, पण कमांड लाइनवर जुनंच पीएचपी चालू असतं. कंपोझर (कोडची पॅकेजेस आणणारं साधन) अडतो तो तिथे, आणि लोक बिचाऱ्या मोड्यूल्सना दोष देत बसतात.

मग साइट 10.3 किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर आणा. त्याआधीच्या आवृत्तीवरून थेट 11 वर उडी मारता येत नाही, कारण डेटाबेस अद्ययावत करणारी जुनी फंक्शन्स 11 मधून काढून टाकलेली आहेत. यानंतरचं काम साइटच्या प्रतीवर करा. तिथे ‘अपग्रेड स्टेटस’ मोड्यूल बसवा. कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत काय अडणार याची यादीच ते देतं. घरच्या मोड्यूल्समध्ये नेहमी सापडतो तो ‘रिक्वेस्ट टाइम’ हा स्थिरांक. ड्रुपल 8.3 पासून त्यावर ‘डेप्रिकेटेड’ची खूण होती, 11 मध्ये तो गेला. त्याऐवजी ‘टाइम’ सर्व्हिसकडून वेळ घ्यायची. असे साचेबंद बदल ‘ड्रुपल रेक्टर’ हे साधन आपोआप करतं, पण त्याने केलेला प्रत्येक बदल डोळ्यांखालून घाला. शेवटी प्रत्येक मोड्यूलच्या इन्फो फाइलमध्ये कोअरच्या (ड्रुपलच्या मूळ कोडच्या) आवृत्तीची अट ^10.3 || ^11 (10.3 पासून पुढचं 10 किंवा 11) अशी लिहा. मग तोच कोड दोन्हीकडे चालतो आणि उडीच्या दिवशी त्याला हात लावावा लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कोअरमधून बाहेर काढलेल्या मोड्यूल्सचा. बुक, फोरम, स्टॅटिस्टिक्स, टूर, ट्रॅकर आणि ॲक्शन्स यूआय ही 11 च्या कोअरमध्ये नाहीत. संस्थेची नियमावली ‘बुक’मध्ये रचलेली असेल तर 10 वर असतानाच बुकची स्वतंत्र प्रत कंपोझरने आणून ठेवा. ‘नंतर परत बसवू’ म्हणून ते अनइन्स्टॉल करू नका, पानांची उतरंड पुसली जाते. नको असलेली मोड्यूल्स मात्र आधीच अनइन्स्टॉल करा. चालू मोड्यूलचा कोड गायब झाला की डेटाबेस अपडेट पुढे सरकत नाही.

प्रत्यक्ष उडी मारताना कोअरची कंपोझर पॅकेजेस (रेकमेंडेड, स्कॅफोल्ड, प्रोजेक्ट मेसेज) एकाच कमांडमध्ये 11 वर न्या. एकेक नेलीत तर ती एकमेकांना अडवतात. ड्रश (कमांड लाइनवरून साइट हाताळायचं साधन) आधीच 13 वर आणा. साइट्सखालच्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरला लिहिण्याची परवानगी तेवढ्यापुरती द्या, नाहीतर स्कॅफोल्ड (कोअरच्या काही फाइली जागेवर ठेवणारं पॅकेज) मध्येच कोसळतो. काम झालं की ती आठवणीने काढून घ्या. मुहूर्त म्हणून बुधवारची रात्र टाळा. ड्रुपलची सुरक्षा-प्रकाशनं बुधवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते आणि एका वेळी दोन अपडेट निस्तरणं जिवावर येतं.

प्रश्न : आम्ही केलेली एक सुधारणा कोअरमध्ये घ्यावी असं वाटतं. ती कुणाकडे द्यायची?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ड्रुपलच्या इश्यू क्यूमध्ये (चुका-सूचनांच्या ऑनलाइन यादीत) नोंद करा आणि मर्ज रिक्वेस्ट (तुमचा कोड सामावून घ्यायची विनंती) जोडा, सोबत स्वयंचलित चाचणीही द्या. चाचणीवाचून नवी सोय सहसा पुढे जात नाही. कोड तपासून ‘मान्य’ अशी खूण दुसऱ्या कुणीतरी करायची असते, लेखकाने स्वतः नाही. त्यानंतर कोअर कमिटर (कोअरमध्ये बदल घालायचा अधिकार असलेले लोक) निर्णय घेतात. नवी सोय 11.2.1 सारख्या दुरुस्ती-आवृत्तीत जात नाही, तिला पुढच्या छोट्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

आमचा सल्ला असा की आधी ती स्वतंत्र मोड्यूल म्हणून प्रसिद्ध करा. ‘व्ह्यूज’ हे कितीतरी वर्षं बाहेरचंच मोड्यूल होतं. जवळपास प्रत्येक साइटवर ते बसवलं जात होतं, म्हणून 8 मध्ये ते कोअरमध्ये आलं.