नाशिकमध्ये द्राक्षबागेच्या फवारणीसाठी ड्रोन विकत घेणं परवडतं का?

परवडायचा हिशोब नंतर. द्राक्षावर ड्रोन नकोच, मग बाग इंग्रजी Y आकाराच्या आधारावरची असो की मांडवाची. निफाड तालुक्यात बाग करतो, म्हणून ठासून सांगतोय.

ऑक्टोबर छाटणीची बाग फुलोऱ्याच्या तोंडावर, त्यात अवकाळी. वाफसा नाही, ट्रॅक्टर रुतणार, डावणीची, म्हणजे केवडा रोगाची, धास्ती. आमचे दाजी भाड्याचा ड्रोन घेऊन हजर. "10 मिनिटांत एकर उरकतो बघ." उरकला, खोटं कशाला बोलू? पण मी आधीच पानांच्या वर-खाली पिवळ्या कागदी पट्ट्या स्टेपल केल्या होत्या, पाणी लागलं की निळ्या पडणाऱ्या. वरच्या पट्ट्यांवर निळे ठिपके, खालच्या पिवळ्याधमक. घडांजवळच्याही तशाच. आणि डावणी शिरते पानाच्या खालच्या बाजूनं, पर्णरंध्रांतून! दाजींचं म्हणणं, पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटतात. उलटतात, पण वरच्या थरातली. ड्रोन एकरी 10-एक लिटर पाणी टाकतो, गच्च पानोऱ्यात ट्रॅक्टरच्या ब्लोअरला (पंख्याच्या फवारणी यंत्राला) शेकड्यांनी लिटर लागतं. तोच डोस एवढ्याशा पाण्यात म्हणजे द्रावण कडक, कोवळ्या पानांवर चट्टे यायचे ते वेगळंच. दाजी अजून मानत नाहीत. पट्ट्या मी जपून ठेवल्यात.

उसाला मात्र खुशाल वापरा. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन कोण शिरणार? मका, सोयाबीनलाही चालतो. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याचा (डोळ्याला न दिसणारा प्रकाशही टिपणाऱ्या) ड्रोन प्लॉटचा कमजोर पट्टा डोळ्याआधी दाखवतो, फक्त ओळींमधलं गवतही त्याला हिरवंच दिसतं. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननंच झाली, तेव्हा यंत्राशी माझं वैर नाही.

पण या पिकांसाठीही विकत घेऊ नका, भाड्यानं आणा. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाखांपर्यंत मदत आहे. जवळपास असा गट असेल तर त्यांनाच बोलवा. हो, पायलटकडे 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे सर्टिफिकेट हवं. आपल्याकडे ओझरचा विमानतळ, देवळालीचं लष्कर, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं शेत ड्रोन उडवायच्या कुठल्या झोनमध्ये येतं ते बघून घ्या.

आणि भाडं कोण देणार ते ड्रोन उडायच्या आधी ठरवा. माझ्या मते ज्यानं बोलावला त्यानं द्यावं, बाग कोणाची का असेना.