युद्धाच्या बातम्या वाचताना

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. युद्ध करणाऱ्या देशाबद्दल तू लिहिलेल्या ‘तिकडची जनताच युद्धखोर आहे’ या वाक्यापाशी मी अडलो. असा निकाल देण्याआधी त्या जनतेच्या टीव्हीवर रोज काय दिसत होतं, ते आधी बघ.

२००३ चं इराक युद्ध घे, अमेरिकेनं इराकवर हल्ला केला ते. १५ फेब्रुवारीला रोम, लंडन, माद्रिदमध्ये लाखो लोक युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरले. स्पेनमध्ये सरकार युद्धाच्या बाजूनं, तर लोक मोठ्या संख्येनं विरोधात. अमेरिकेत मात्र मार्चमध्ये हल्ला सुरू झाला तेव्हा दहातल्या साधारण सात जणांचा पाठिंबा होता. म्हणजे अमेरिकी माणूस मुळातच रक्तपिपासू? मेरीलँड विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी त्याच वर्षी तिथल्याच लोकांचे समज तपासले. इराकमध्ये महासंहारक अस्त्रं सापडली, सद्दाम आणि अल कायदा यांच्या संबंधांचा पुरावा मिळाला, जगाचा या युद्धाला पाठिंबा आहे, असे तीन गैरसमज त्यांनी विचारात घेतले. यांतला किमान एक तरी गैरसमज फॉक्स न्यूज या खासगी वृत्तवाहिनीवर विसंबणाऱ्यांपैकी ८० टक्के लोकांना होता. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीवर विसंबणाऱ्यांत हेच प्रमाण २३ टक्के. देश एकच, युद्धही एकच.

सगळं खापर माध्यमांवर फोडू नकोस. जर्मनीतही या युद्धाला विरोध होता, आणि त्यामागे दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या शहरांची आठवणही होती.

कॅमेरा कुठे उभा आहे, हे मात्र कायम विचारत जा. त्या युद्धात शेकडो पत्रकार लष्करी तुकड्यांसोबत नेले होते. सैनिकांसोबत जेवायचं, त्यांच्याच चिलखती गाडीत झोपायचं, जीवही त्यांच्याच भरवशावर. अशा पत्रकाराला तोफगोळा सुटताना दिसतो, पडताना दिसत नाही. तो जिथे पडत होता तिथली रुग्णालयं, तिथली जखमी मुलं अल जझीरा या अरबी वृत्तवाहिनीचे प्रेक्षक बघत होते. दोन्ही चित्रं खरी, पण एकच बघणाऱ्याचं मत कुठल्या बाजूला झुकेल हे उघड आहे. आणि काही चित्रं तर मुद्दाम दडवलेली असतात: अमेरिकेतल्या डोव्हरच्या हवाई तळावर उतरणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या शवपेट्यांचं चित्रण १९९१ पासून २००९ पर्यंत माध्यमांना बंद होतं.

चूक कबूल होते तीही कुठे, ते बघ. न्यूयॉर्क टाइम्सनं इराकच्या अस्त्रांबद्दलचे कितीतरी दावे पहिल्या पानावर छापले. आपलं वार्तांकन हवं तितकं काटेकोर नव्हतं, ही कबुली आली २६ मे २००४ ला, आतल्या पानावर. तोवर युद्धाला वर्ष उलटून गेलं होतं.

म्हणून तुला एक काम सांगतो. सध्या चालू असलेलं कुठलंही एक युद्ध निवड. महिनाभर दोन्ही बाजूंची आणि एका तिऱ्हाईत देशाची बातमी शेजारी शेजारी ठेवून वाच. मेलेल्यांची नावं कोण छापतं, नुसता आकडा कोण देतं, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’च्या आड कोण लपतं, याची टिपणं ठेव. सरकारी प्रवक्त्याचं वाक्य जसंच्या तसं मथळा झालेलं दिसलं, तर त्याखाली रेघ ओढ. मग ती वही मला पाठव. पुढचं त्यावरून बोलू.

तुझा,
काका