फोनला पासवर्ड सक्तीचा करताना डिफॉल्ट पॉलिसीला हात लावू नका

भाऊ, तुमचा मामला थोडक्यात असा: जळगाव एमआयडीसीत कारखाना, कंपनीचा स्वतःचा एक्सचेंज सर्व्हर (कंपनीचं मेल सांभाळणारा), माणसं आपापल्या फोनवर मेल बघतात. केळी खरेदी करणाऱ्या एकाचा फोन रावेरला हरवला, शेठनी पासवर्ड सक्तीचा करायला सांगितलं, तुम्ही डिफॉल्ट पॉलिसीतच (फोनला लागणाऱ्या नियमांचा मूळ संच) टिक मारली. आता दोघांचं मेल बंद आणि अकाउंट्समधल्या एकाचं लॉगिन दिवसभर लॉक होतंय.

डिफॉल्ट पॉलिसी आधी होती तशी करा. ज्या मेलबॉक्सला वेगळी पॉलिसी दिलेली नाही त्या सगळ्यांना तीच लागते, शेठसुद्धा त्यातच आले. अॅडमिन सेंटरमध्ये मोबाइल, मग मोबाइल डिव्हाइस मेलबॉक्स पॉलिसीज इथे नवी पॉलिसी बनवा आणि 'डिफॉल्ट' ही टिक रिकामी ठेवा. नंतर एकेका मेलबॉक्सच्या मोबाइल सेटिंगमध्ये जाऊन ती लावा. आधी स्वतःला, मग अँड्रॉइडवाले दोन आणि आयफोनवाला एक. दोन दिवस बघा, मग बाकीचे.

आकडे काय ठेवायचे? किमान लांबी 6, साधा पासवर्ड बंद (म्हणजे 1111 आणि 1234 चालणार नाहीत), स्क्रीन लॉक 5 मिनिटांनी, फोनवर एन्क्रिप्शन (साठवलेला डेटा सांकेतिक रूपात ठेवणं) सक्तीचं. अक्षर-अंक मिश्र पासवर्डची सक्ती करू नका. केळीचा चीक बोटाला लागला की फिंगरप्रिंट चालत नाही, माणूस दिवसातून पन्नासदा पिन दाबतो. त्याला मोठा कीबोर्ड दिलात तर तो पासवर्ड कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवणार. पासवर्डची मुदत (1 ते 730 दिवस देता येते) कोरी सोडा. दर महिन्याला बदलायला लावलं की लोक शेवटचा एक आकडा तेवढा फिरवतात.

सगळ्यात जपून वापरायचा रकाना म्हणजे किती चुकांनंतर फोन पुसायचा. यात 4 ते 16 आकडा चालतो. आयफोनच्या मूळ मेल अॅपमध्ये यामुळे अख्खा फोन पुसला जातो, लग्नाच्या फोटोंसकट. फोन माणसाचा स्वतःचा असेल तर हे आधी लेखी कळवा, नाहीतर हा रकाना सोडून द्या. आउटलुक अॅपमध्ये रिमोट वाइप (दुरून पुसणं) केलं तर फक्त त्या अॅपमधला कंपनीचा डेटा जातो, म्हणून स्वतःच्या फोनवाल्यांना मी आउटलुकच सुचवतो. एक मात्र लक्षात घ्या, अँड्रॉइड 10 पासून पुढे अॅपला पासवर्डचे बारीक नियम पूर्वीसारखे लादता येत नाहीत. आउटलुक तिथे स्क्रीन लॉक किती मजबूत आहे एवढी पातळी बघतं. तुमचा प्रत्येक आकडा प्रत्येक फोनवर हुबेहूब लागेल असं समजू नका.

ते बंद पडलेले दोघे बहुतेक यामुळेच अडकलेत. जे फोन पॉलिसी पूर्ण पाळू शकत नाहीत त्यांनाही सिंक करू देण्याची एक टिक असते. ती काढली की असे फोन बाहेर. एक्सचेंजच्या कमांड विंडोत गेट-मोबाइलडिव्हाइसस्टॅटिस्टिक्स ही कमांड चालवून त्या फोनसमोर पॉलिसी पूर्ण लागली, अर्धवट लागली की लागलीच नाही ते बघा. सुरुवातीला टिक ठेवा, अर्धवटवाल्यांची यादी काढा, त्यांचं अॅप बदला, मग टिक काढा.

आणि पॉप, आयमॅप (मेल उतरवण्याच्या दुसऱ्या पद्धती) पॉलिसी लावलेल्या मेलबॉक्सना बंद करा. आयमॅपवर जोडलेल्या फोनला यातली एकही अट लागत नाही, म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी उघडी.

अकाउंट्समधल्या माणसाचं लॉगिन लॉक होण्याचा फोनच्या पिनशी संबंध नाही. त्याचा डोमेन पासवर्ड (कंपनीच्या नेटवर्कचा लॉगिन पासवर्ड) बदलला असेल आणि एखाद्या जुन्या फोनमध्ये अजून आधीचाच बसला असेल. तो फोन जुना पासवर्ड घेऊन आपोआप ठोकत राहतो. डोमेन कंट्रोलरवर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) 4740 इव्हेंट, म्हणजे खातं लॉक झाल्याची नोंद, उघडा. कॉलर म्हणून एक्सचेंज सर्व्हरचं नाव दिसलं तर सर्व्हरच्या आयआयएस लॉगमध्ये (वेब सर्व्हरची नोंदवही) त्याचं यूजरनेम शोधा, ॲक्टिव्हसिंकच्या (फोन ज्या मार्गाने एक्सचेंजशी मेल जुळवतो तो) ओळीत डिव्हाइस आयडी मिळेल. बहुतेकदा तो घरी पोराला दिलेला फोन निघतो. किती चुकीच्या पासवर्डनंतर खातं लॉक व्हायचं ती मर्यादा 3 वर असेल तर 10 करा.

आता हरवलेला फोन. इथे लोक उलट क्रमाने जातात: आधी पासवर्ड बदलतात, ॲक्टिव्हसिंक बंद करतात, मग वाइप पाठवतात. फोनला लॉगिनच करता येत नसेल तर वाइपचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचणार कसा? आधी वाइप द्या, पोचपावतीची वेळ दिसेपर्यंत थोडं थांबा. धडगावसारख्या डोंगराळ भागात किंवा सिम काढलेलं असेल तर ती येणारच नाही. मग तासाभरात पासवर्ड बदलून मोकळे व्हा. उतरलेलं मेल फोनवर राहील, नवं जाणार नाही. फोन परत सापडला तर जोडण्याआधी त्याची जुनी नोंद मेलबॉक्समधून काढा, नाहीतर पहिल्याच सिंकला तो पुन्हा पुसला जाईल.