जुन्या सरकारी गॅझेटात कुलाबा जिल्ह्याच्या यादीत आमचं श्रीवर्धनकडचं गाव का सापडत नाही? त्यातली हद्दीची जाहिरात (सरकारने छापलेली जाहीर सूचना) मिळाली तर जमिनीच्या कामात उपयोग होईल का?

सापडणार नाही, कारण तुमचं गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात नव्हतंच. १८९०च्या आसपासचे अंक चाळतोय असं तुम्ही लिहिलंय. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, सिद्दी नवाबाकडे. मुंबई सरकार आपल्या गॅझेटात आपल्या तालुक्यांच्या हद्दी छापायचं, नवाबाची गावं कशाला छापेल? कॅम्बेलच्या गॅझेटिअरचा (जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या ग्रंथमालेचा) अकरावा खंड काढा, १८८३चा. त्यात कुलाबा आणि जंजिरा एकाच पुठ्ठ्यात बांधलेत. तुम्ही पुढचा भाग वाचून पुस्तक मिटलं असणार. जंजिऱ्याचा भाग मागे आहे.

गॅझेटाच्या त्याच अंकात दीपस्तंभ, बोया (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) असल्या भानगडी कशाला, असंही विचारलंय. सरकारला जे काही 'आम्ही सांगितलं होतं' असं पुढे म्हणायचं असेल, ते सगळं गॅझेटातच जायचं. तालुका इकडून तिकडे गेला तरी तिथेच, नवा दिवा लागला तरी तिथेच.

हे दोन मुद्दे कोणीही सांगितले असते. मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीसाठी: 'अशी हद्दीची जाहिरात मिळाली तर गावच्या जमिनीच्या कामात उपयोग होईल का?' असल्याच एका जाहिरातीच्या झेरॉक्सपायी आमच्या घराण्याचं खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली जमीन, गेलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

मी ३१ वर्षं बोटीवर काढली. त्यातली बरीच सेकंड ऑफिसर म्हणून, आणि सेकंड ऑफिसरचं अर्धं आयुष्य नकाशे दुरुस्त करण्यात जातं. दर्यावर्दींसाठीच्या सूचनांचा गठ्ठा दर आठवड्याला यायचा. अमुक दिव्याचा रंग बदलला, अमुक बोया वाहून गेला, अमुक ठिकाणी बुडालेलं जहाज आढळलं. प्रत्येक दुरुस्ती जांभळट किरमिजी शाईने नकाशावर करायची आणि डाव्या कोपऱ्यात खाली सूचनेचा नंबर टाकायचा. आमचे पहिले कॅप्टन रत्नागिरीकडचेच होते. नकाशा हातात घेतला की आधी त्यांचं बोट त्या कोपऱ्यावर जायचं. मागचा नंबर लागलेला नसेल तर पुढची दुरुस्ती करू द्यायचे नाहीत. "एकटी सूचना वाचायची नाही. तिच्या आधी काय आणि नंतर काय, ते बघायचं," हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की आजही वर्तमानपत्रातली निविदा वाचताना मी मागचा अंक शोधतो.

जुन्या सूचनाही मी हौसेने वाचल्यात. खांदेरीचा दिवा १८६७चा, कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकावरचा प्राँग्ज १८७५चा, थॉमस ऑर्मिस्टनने बांधलेला. त्या काळच्या सूचनांची शिस्त बघण्यासारखी असते. दिवा कुठे, रंग कोणता, स्थिर की फिरता, भरतीच्या पाण्यापासून किती उंच, निरभ्र हवेत किती मैलांवरून दिसेल, कुठल्या दिशेपासून कुठल्या दिशेपर्यंत दिसेल. या दिशा समुद्राकडून दिव्याकडे बघून दिलेल्या असतात. किनाऱ्यावर उभं राहून वाचल्या तर सगळं नेमकं उलटं होतं. म्हणजे सूचना कोणासाठी लिहिली आहे हे कळल्याशिवाय तिचा एक आकडाही वापरता येत नाही. आणि जिथे खात्री नाही तिथे नकाशा तसं कबूल करतो. खडकाच्या खुणेशेजारी 'जागा अंदाजे', 'जागा शंकास्पद', क्वचित 'अस्तित्वच शंकास्पद' असं छापलेलं असतं. जमिनीच्या कागदांत इतका खरेपणा मी कधी पाहिला नाही.

आता खाजण. खाडीचं नाव लिहीत नाही, माणसं हयात आहेत. आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी दगडमातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं होतं. मध्ये लाकडी उघाडी. ओहोटीला आतलं पाणी जाऊ द्यायचं, भरतीला झडप आपोआप मिटायची. आत खारं भात व्हायचं. भात फार नव्हतं, पण तो बांध होता म्हणून वरची गोडी शेतं टिकून होती. दर उन्हाळ्यात चारही घरांची माणसं बांधावर माती चढवायला जायची. लहानपणी मीही पाट्या उचलल्यात.

वडील गेल्यावर मी बोटीवर असायचो, म्हणून आमच्या हिश्शाचं मुखत्यारपत्र मी थोरल्या चुलतभावाला दिलं. दादा म्हणतो त्याला. शिकलेला माणूस, इंग्रजी उत्तम, गावात शब्दाला मान. १९९४ मध्ये कोळंबीच्या तळ्यांसाठी खाजणं विकत घेणारे एजंट खाडीकाठाने फिरत होते. त्यातल्या एकाने दादाला एक झेरॉक्स दाखवली. ब्रिटिश काळातली छापील इंग्रजी जाहिरात. उत्तरेची हद्द अमुक टोकापासून, दक्षिणेची तमुक टेकडीपर्यंत, खाडीत अमुक ठिकाणापर्यंत आणि काठाला भरतीरेषेपासून ५० यार्ड. एजंट म्हणाला, ही सरकारी हद्द, तुमचं खाजण हिच्या आत येतं, सरकार कधीही ताब्यात घेईल, त्याच्या आत मोकळे व्हा. वर १९९१च्या सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचं नावही घेतलं, ५०० मीटरवाल्या. दोन्हींची खिचडी करून दादाला घाबरवलं.

मला पत्र मिळालं तेव्हा बोट डरबनला होती. बंदरावरून फोन लावला. म्हटलं, दादा, सही करू नकोस, ती कुठल्या कायद्याखालची हद्द आहे ते आधी बघ. दादा म्हणाला, "बोटीवरचं शहाणपण बोटीवर ठेव. माझ्या हातात सरकारचा छापील कागद आहे." फोन महाग होता, तेवढ्यावर संपला.

जूनमध्ये सुट्टीवर आलो तेव्हा ती झेरॉक्स पहिल्यांदा हातात घेतली. वरच्या कडेला काळा पट्टा आणि त्याच्याखाली मजकूर थेट 'उत्तरेस' या शब्दाने सुरू. जाहिरात अशी अधांतरी कधी सुरू होत नाही. अमुक कायद्याच्या अमुक कलमाने मिळालेल्या अधिकारांन्वये, हे आधी असतंच. नेमक्या त्या ओळी नव्हत्या. कापल्या की मशीनवर कागद सरकला, देव जाणे. दादाला विचारलं तर तो म्हणाला, हद्द तर पूर्ण आहे ना, वरच्या दोन ओळींनी काय फरक पडतो?

दोन ओळींनी सगळाच फरक पडतो. मुंबईला गेलो, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसलो. साल माहीत नव्हतं, म्हणून एकेका वर्षाची सूची काढत गेलो. बाहेर धो धो पाऊस, आत कागद असे की पान उलटताना कोपरा हातात यायचा. पाचव्या दिवशी जाहिरात सापडली. वरच्या ओळीत बंदर कायदा होता. ती जिल्ह्याची हद्द नव्हती, तालुक्याची नव्हती, मालकीची तर मुळीच नव्हती. ती बंदराची हद्द होती. बंदराचे नियम कुठपासून कुठपर्यंत चालतील, नांगर कुठे टाकायचा, निरम (जहाजाचा तोल राखायला भरलेले दगड-वाळू) कुठे टाकायचं नाही, बंदराचा कर कुठे लागू, एवढ्यासाठी आखलेली.

आणि त्या ५० यार्डांचं काय? १९०८च्या बंदर कायद्यात बंदराच्या हद्दीत भरतीरेषेपासून ५० यार्डांपर्यंतचा किनारा घेण्याची मुभा होती, पण त्याच वाक्यात अट होती: तिथल्या खाजगी मालमत्तेच्या हक्कांना अधीन राहून. म्हणजे ज्या कायद्याचं भय दाखवून आमचं खाजण काढून घेतलं, तोच कायदा आमचा हक्क राखून ठेवत होता.

पूर्ण जाहिरात वहीत उतरवून घेतली, कलमासकट. घरी येऊन दादापुढे वही ठेवली. त्याने दोनदा वाचलं. खरेदीखताची नोंदणी महिन्यापूर्वीच झाली होती. "झालं ते झालं," म्हणाला आणि वही माझ्याकडे सरकवली. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही. पुढे कोळंबीची तळी काही वर्षांत बंद पडली. बांधाकडे बघायला कोणी उरलं नाही, उघाडी कुजली, बांध दोन जागी फुटला. आता उधाणाला खारं पाणी वरच्या शेतात येतं. त्यातलं एक शेत माझं आहे.

म्हणून सांगतो, हद्दीची जाहिरात हातात आली की हद्द वाचूच नका. आधी वरची ओळ वाचा. १८७९च्या जमीन महसूल कायद्याचं सातवं कलम असेल तर ती तालुका-जिल्ह्याची हद्द. कुठल्या कचेरीत सारा भरायचा, कुठला मामलेदार, एवढंच ती सांगते. बंदर कायदा असेल तर बंदराची. सागरी जकातीचा १८७८चा कायदा असेल तर जकातीची. एकाच खाडीवर या तिन्ही रेषा वेगवेगळ्या जागी असू शकतात. त्यातली एकही तुमच्या पणजोबांची जमीन कुणाची ते सांगत नाही. ज्याच्याकडे वरची ओळ नाही त्याच्याकडे जाहिरात नाही, तो नुसता कागद. दादा, तू हे कधी वाचलंस तर एवढं लक्षात घे, मी तेव्हा तुझ्या शिक्षणावर शंका घेत नव्हतो. मी फक्त ती ओळ मागत होतो.

नंतर आठवलेल्या काही गोष्टी. मी वकील नाही. जमिनीसाठी तुम्हाला फेरफार आणि जुने सातबारेच काढावे लागतील. हद्दीच्या जाहिराती अगदी निरुपयोगी आहेत असंही नाही. कोर्ट राजपत्र (गॅझेट) अस्सल धरून चालतं, आणि मुख्य म्हणजे जुनं दप्तर कुठे असेल ते त्यांवरून कळतं. पनवेल १८८३ मध्ये ठाण्यातून कुलाब्यात आलं, कर्जत १८९१ मध्ये. तिकडचा त्याआधीचा कागद अलिबागला शोधत बसलात तर हात हलवत परत याल. तुमच्या बाबतीत मात्र संस्थानी दप्तरच बघायला हवं.

नावांनी फसू नका. 'कुलाबा' हे मुंबईच्या टोकाचंही नाव आणि अलिबागच्या किल्ल्याचंही. दीपस्तंभाच्या सूचनेतला कुलाबा बहुधा मुंबईचा, कलेक्टरच्या हुकमातला अलिबागचा. दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या अंकांत सारखंच सापडेल. खांदेरीला साहेब 'केनरी' लिहायचा आणि कान्हेरी लेण्यांनाही जवळपास तसंच. उत्तर कानडा १८६२ पर्यंत मद्रासकडे होता, तिकडचं काही हवं असेल तर त्याआधीचे मुंबईचे अंक चाळू नका. आणि १९०५च्या आधीच्या सर्व्हे नकाशावरून रेखांश घेणार असाल तर कडेची टीप वाचा. ते रेखांश सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांनी पूर्वेकडे पुढे आहेत, आपल्याकडे ते अंतर सव्वाचार किलोमीटर होतं. मोबाइलच्या नकाशावर तसंच टाकलंत तर श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरचं गाव डोंगरात दिसेल.

गावाचं नाव तुम्ही दिलेलं नाही. कळवलंत तर त्या बाजूच्या गावांची जुनी स्पेलिंगं मी त्याच वहीत मागच्या पानांवर उतरवून ठेवलीत, बघून सांगतो.