चष्मा गेला, मग काचबिंदूची तपासणी कशाला?

प्रश्न : मी 43 वर्षांचा, कोथरूडला राहतो, हिंजवडीत आयटीत आहे. आईला काचबिंदू निघालाय, तिचे डॉक्टर म्हणाले मुलांनीपण तपासून घ्या. पण कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं डोळ्याचं प्रेशर 14 आलंय आणि दिसतंयही एकदम क्लिअर, कारण दहा वर्षांपूर्वी लेझर करून मायनस 7 नंबर घालवला. मग परत खर्च कशाला?

उत्तर : त्या 14 वर जाऊ नका हो. चेकअपला बहुतेक हवेचा फटका मारणारं मशीन असतं, कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, किती दबला त्यावरून ते प्रेशरचा अंदाज काढतं, आणि तुमचा कॉर्निया तर लेझरने पातळ केलाय, तो पटकन दबणार आणि आकडा कमी दाखवणार, खरं प्रेशर जास्त असू शकतं. शिवाय नंबर गेला तरी डोळा आतून मायनस 7 वाल्याचाच, लांबट, आणि जास्त मायनसवाल्यांना काचबिंदूची रिस्क जास्त. वर सख्ख्या आईला आहे.

10 ते 21 नॉर्मल धरतात खरं, पण नॉर्मल प्रेशरमध्येही काचबिंदू होतो. आणि क्लिअर दिसण्याचं म्हणाल तर ह्यात बहुतेकदा आधी कडेचं दिसणं जातं, एका डोळ्याचं दुसरा सांभाळून घेतो, शेवटपर्यंत तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचणारे पेशंट असतात. गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप फक्त पुढचं नुकसान रोखायला.

म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जा. कॉर्नियाची जाडी मोजतील, आरशाच्या लेन्सने कोन बघतील म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरा होतो ती जागा, बाहुली मोठी करून मागची नस बघतील. सगळ्यात महत्त्वाची ती नसच, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी, काचबिंदूत खराब होते ती हीच. शंका आली तर ओसीटी, म्हणजे त्या नसेचा स्कॅन, आणि कडेचं दिसणं तपासणारी फील्ड टेस्ट, ती ठिपका दिसला की बटण दाबायची, कंटाळवाणी आहे, पहिल्यांदा बऱ्याच जणांची बिघडते, घाबरू नका.

लेझर झालंय हे आपणहून सांगा, चष्मा नसलेल्या माणसाला कोण विचारतं! जुनी फाइल असेल तर न्या, लेझरआधीचा नंबर आणि जाडी त्यात असते. स्टेरॉइडचे ड्रॉप किंवा दम्याचा पंप घेत असाल तर तेही सांगा. आणि येताना रिक्षा करा, मोठ्या झालेल्या बाहुल्या घेऊन कर्वे रोडवर टू-व्हीलर नको.