कुकर कपाटात ठेवून भीती जात नाही

“ताई, गेल्या जूनमध्ये मिस्टरांच्या कारखान्यात बॉयलर फुटला. हे पाच मिनिटं चहाला बाहेर आले होते. यांच्या जागेवर उभा असलेला सोबती गेला. त्याला ओढायला धावले तेव्हा यांचा हात भाजला. हात बरा झाला, पण रात्री तीनला ओरडत उठतात. कुकरची शिट्टी झाली की ओट्याखाली बसतात, म्हणून मी कुकर कपाटात ठेवला, वरण पातेल्यात शिजवते. यांनी चहा सोडला. मीही मागच्या अंगणात जाऊन पिते. मारबतीची मिरवणूक पाहायला दरवर्षी महालात जायचे, अवंदा गेले नाहीत. रोज रात्री एक क्वार्टर लागते. कामावर जात नाहीत. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, भासरे (थोरले दीर) म्हणतात गडीमाणूस असून घाबरतो. त्या दिवसाचं नाव घरात कोणी काढत नाही. माझं काही चुकतंय का?”
— एक बहीण, हिंगणा रोड, नागपूर

ताई, तुम्ही मायेनं केलं आणि कोणीही तेच केलं असतं. पण कुकर कपाटात गेला, चहा अंगणात गेला, तो दिवस बोलण्यातून गेला. आता अख्खं घर त्यांच्या भीतीच्या मर्जीनं चालतंय. शिट्टी आणि स्फोट या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या मेंदूला कळायला शिट्टी ऐकावी लागते. ती ऐकूच आली नाही तर जूनमधला धडा तसाच राहतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, दिसतो. निदान मात्र डॉक्टरच करतील. अपघातानंतरचे पहिले तीन-चार आठवडे अशी दचक बहुतेकांना असते आणि बऱ्याच जणांची आपोआप ओसरते. इथे महिने उलटले आहेत, तेव्हा आता वाट पाहू नका. सासूबाईंशी वाद घालू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या, फक्त दवाखान्याची तारीख चुकवू नका. भासऱ्यांना एवढंच सांगा, की जळत्या जागी सोबत्याला ओढायला धावलेला माणूस भित्रा नसतो.

नागपुरातली मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, प्रादेशिक मनोरुग्णालय ही सरकारी रुग्णालयं, यांपैकी जवळ पडेल तिथल्या मानसोपचार ओपीडीत जा. आधी बोलून पाहायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416: फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. जाताना एका कागदावर अपघाताची तारीख, दारू किती, चालू गोळ्या कोणत्या, आणि मागच्या चौदा रात्री किती वाजता झोपले-उठले ते लिहून न्या. स्फोटाच्या वेळी डोक्याला मार लागला होता का, कानात आवाज येतो का, हेही सांगा. मेंदूला बसलेल्या हादऱ्यानंही चिडचिड होते, झोप उडते, आणि कानाचा पडदा फाटलेला असू शकतो. हे तपासायचं राहून जातं.

तिथे थेट विचारा, “आघातावरची थेरपी इथे होते का?” आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची बोलून करायची थेरपी) किंवा ईएमडीआर (आठवण काढताना डोळे डावी-उजवीकडे फिरवण्याची थेरपी), साधारण 8 ते 12 बैठका. सोबत सर्ट्रालिनसारखी नैराश्य-भीतीवरची गोळी देऊ शकतात. तिचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो. “फरक नाही” म्हणून दहाव्या दिवशी सोडणारे पुष्कळ. बरं वाटल्यावरही बरेचदा वर्षभर चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. मेडिकल स्टोअरमधून परस्पर अल्प्राझोलाम ही घबराट शमवणारी गोळी आणू नका. तिची सवय लागते, मूळ आजार जात नाही, आणि दारूवर घेतली तर श्वास मंदावतो.

दारूचं जरा नीट पाहू. क्वार्टरनं डोळा लवकर लागतो, पण दारू उतरते तशी उत्तररात्रीची झोप मोडते. रात्री तीनच्या त्या ओरडण्यात तिचाही हात असू शकतो. तरी बाटली एकदम लपवू नका. रोज पिणाऱ्यानं अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, क्वचित फिटही येते. सोडायची कशी, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

ते ओरडून उठतील तेव्हा हलवून जागं करू नका, अंगावर वाकू नका. झोपेत त्यांना तुम्ही कोण ते कळत नाही, हात उगारला जाऊ शकतो. दिवा लावा आणि पायथ्याशी उभं राहून नावानं हाक मारा: “आपण घरी आहोत, हिंगणा रोडला. आज बुधवार आहे. मी इथेच आहे.” पाय फरशीला टेकवायला सांगा. संत्र्याची साल हातात द्या, नखानं चुरून वास घेऊ द्या. मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. हे दिवसा दोनदा शांतपणे गिरवलेलं असलं तरच रात्री जमतं.

आता कुकर. हे समुपदेशकाला विचारून, दिवसा, त्यांची तयारी असेल तेव्हाच. मोबाईलवर शिट्टी रेकॉर्ड करा. आवाज बारीक, बटण त्यांच्या हातात. भीती दहापैकी किती, ते विचारत राहा. तीन-चारवर असेल तिथून सुरुवात करा आणि आकडा निम्मा होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवा. याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. रोज करा, सुरुवातच एक-दोनवरून होऊ लागली की आवाज थोडा वाढवा. नंतर खरा कुकर, शिटी त्यांनीच बसवायची. बिघडतं ते बहुधा आकडा सर्वांत वर असताना उठून गेल्यानं. मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. एखादा दिवस चांगला गेला म्हणून दोन पायऱ्या एकदम चढल्यानं किंवा पिऊन सराव केल्यानंही बिघडतं. मारबतीची गर्दी ही या शिडीची फार वरची पायरी, ती पुढच्या पोळ्यापर्यंत राहू द्या. कारखान्याचं फाटक आणि त्या दिवसाची तपशीलवार आठवण मात्र घरी काढायची नाही, ते थेरपिस्टचं काम.

“तुमचा काय दोष?” असं म्हणू नका, ते त्यांना पटत नाही. ते स्वतःहून बोलले तर विचारा, “चहाला निघालात तेव्हा बॉयलर फुटणार हे तुम्हाला ठाऊक होतं का?” आणि गप्प बसा. उत्तर त्यांनाच शोधू द्या. “मीच जायला हवं होतं” असं म्हणाले, तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि फवारणीचं औषध कुलपात टाका आणि त्याच दिवशी मेडिकलच्या कॅज्युअल्टीत न्या.

आणि तुमचा चहा अंगणात नको. उद्या सकाळी स्वयंपाकघरात, त्यांच्या देखत प्या. त्यांना विचारू नका, आग्रह करू नका. गाळणी आणि दुसरा कप ओट्यावर असू द्या.